गेम खेळताना फोन तापतोय? आधी चार्जर काढा, मग पुढचं बघू

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. ॲपलच्या सूचनेप्रमाणे आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावं, आणि अँड्रॉइड फोनमधली बॅटरी काही वेगळ्या मातीची नसते. म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत बसून बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गेम उघडण्याआधीच फोनने आपली हद्द ओलांडलेली असते. त्यात ६७ वॅटचा चार्जर लावून मॅच सुरू केली, की थोड्याच वेळात स्क्रीन आपोआप मंद होते, फ्रेम तुटायला लागतात आणि ऐन शेवटच्या झोनमध्ये टच उशिरा लागतो. शिव्या मात्र नेटला बसतात.

गेम चालू असताना फोनमध्ये उष्णता चार ठिकाणी तयार होते: प्रोसेसर, स्क्रीन, नेटवर्कचा रेडिओ आणि चार्जिंग. पहिल्या तीन गोष्टींशिवाय ऑनलाइन गेम चालणारच नाही, त्या फक्त कमी करता येतात. चौथी गोष्ट पूर्ण टाळता येते. म्हणून कूलर विकत घेण्याआधी चार्जिंगची सवय बदला, ते फुकट आहे.

पायरी १: फोन किती खातोय ते मोजा

बॅटरी ८०-९० टक्के असताना चार्जर काढा आणि रोजच्या सेटिंगवर अर्धा तास खेळा. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीची टक्केवारी आणि तापमान लिहून ठेवा. काही गेमिंग फोन गेम मोडच्या पट्टीतच तापमान दाखवतात. नसेल तर ॲक्यूबॅटरीसारखं ॲप टाका.

आता थोडं गणित. ५००० एमएएचची बॅटरी आणि सरासरी ३.८५ व्होल्ट यांचा गुणाकार केला तर साधारण १९ वॅट-तास ऊर्जा हाती येते. अर्ध्या तासात १२ टक्के उतरली, तर फोन साडेचार वॅटच्या आसपास खातोय. या हिशोबाने पूर्ण बॅटरीवर चार तास निघतील आणि हे चांगलं आहे. अर्ध्या तासात २० टक्के उतरली, तर तो आकडा साडेसात वॅटच्या वर जातो. ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन तुमच्या तळव्यातूनच बाहेर पडते, आणि एवढी उष्णता पंख्याशिवाय सतत बाहेर टाकणं फोनच्या अंगाला झेपत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आपण ज्याला ‘लॅग’ म्हणतो, त्यातला बराचसा हाच प्रकार असतो.

बॅटरीचं तापमान ४० अंशांपर्यंत गेलं तर काळजी नको. ४२-४३ दिसलं तर एखाद्या सेटिंगला कात्री लावायची वेळ झाली. ४५ ला थांबा. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाच ४५ अंश आहे. त्याच्या आसपास फोन चार्जिंग स्वतःहून मंद करतो किंवा थांबवतो. ‘चार्जर लावलाय तरी टक्के वाढत नाहीत’ ही उन्हाळ्यातली तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पायरी २: सेटिंग उतरवा, पण योग्य ती

सगळंच ‘लो’ करायची गरज नाही. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स ‘स्मूथ’ आणि फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), ही जोडी बहुतेक फोनना पेलते. एचडीआरवर गवत सुंदर दिसतं खरं, पण गवतात लपलेला माणूस काही लवकर दिसत नाही. ९० किंवा १२० एफपीएस चालू करण्याआधी पहिल्या पायरीतली मोजणी पुन्हा करा. दहा मिनिटं ९० आणि मग घसरून ४५, यापेक्षा तासभर एकसारखे ६० केव्हाही बरे. नेम धरताना हाताला फ्रेमच्या आकड्यापेक्षा त्या आकड्यातली चढउतार जास्त जाणवते.

ब्राइटनेस ऑटोवर ठेवून खिडकीशी बसलात तर फोन स्क्रीन पूर्ण पेटवतो. सावलीत बसा आणि ५०-६० टक्क्यांवर हाताने लावा.

नेटवर्ककडे फारसं कोणी लक्ष देत नाही. सिग्नल कमजोर असला की फोनचा रेडिओ टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो आणि त्यातून फोन तापतो. घरात वायफाय असेल तर तेच वापरा. मोबाइल डेटाच असेल आणि ५जीचं चिन्ह सारखं येत-जात असेल, तर सेटिंगमधून ४जीवर ठेवा. पिंगही, म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, स्थिर होतो. हॉटस्पॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग बंद.

‘परफॉर्मन्स मोड’ किंवा ‘मॉन्स्टर मोड’ नावाचं बटण फोनला थंड करत नाही, तापण्याची मुभा वाढवतं. जवळ कूलर नसेल तर त्याला हात लावू नका. आणि प्ले स्टोअरवरची ‘फोन कूलर’ ॲप्स काढून टाका. ती मागची चार ॲप्स बंद करतात आणि त्याबदल्यात जाहिराती दाखवतात. त्या जाहिराती चालवायलाही प्रोसेसरच लागतो.

पायरी ३: चार्जिंग आणि गेम यांची गाठ सोडवा

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसवत नाहीत: जास्त उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. ढोबळ आकडे असे आहेत: अशी बॅटरी ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. तीच १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ६५. हे नुसतं ठेवून देण्याचं झालं, वापर त्यात धरलेला नाही. चार्जर लावून खेळणारा माणूस बॅटरीला नेमक्या त्याच दुसऱ्या कोपऱ्यात रोज तासन्‌तास कोंडून ठेवतो.

म्हणून साधा क्रम ठेवा. खेळण्याआधी फोन ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, पाच-दहा मिनिटं निवू द्या, चार्जर काढून खेळा, आणि २५-३० टक्क्यांवर थांबून पुन्हा लावा. फास्ट चार्जिंग इथे उपयोगी पडतं, कारण त्याचा खरा वेग बॅटरी रिकामी असतानाच मिळतो. शेवटच्या २० टक्क्यांना ते रेंगाळतं. जेवायच्या सुट्टीत २५ वरून ७५ वर जाणं सहज जमतं. फास्ट चार्जिंगने बॅटरी लगेच मरते, ही समजूतही जुनी झाली. असूसच्या आरओजी फोन ५ या गेमिंग फोनमध्ये ६००० एमएएचची बॅटरी ३००० च्या दोन सेलमध्ये विभागली होती, त्यामुळे एकेका सेलवरचा ताण कमी होतो. फास्ट चार्जिंगच्या इतर फोनमध्येही अशी युक्ती असते.

तरीही कधी चार्जर लावूनच खेळावं लागतं. स्पर्धा असते, किंवा बॅटरी १५ टक्के आणि मित्र लॉबीत खोळंबलेले असतात. अशा वेळी बायपास चार्जिंग शोधा. यात चार्जरची वीज बॅटरीत न जाता थेट फोन चालवायला जाते, आणि बॅटरी बाजूला शांत बसते. आरओजी फोन, आयक्यूचे बरेचसे फोन आणि इन्फिनिक्सची जीटी मालिका यांत ही सोय ‘बायपास चार्जिंग’ याच नावाने मिळते. रेडमॅजिकमध्ये तिला ‘चार्ज सेपरेशन’ म्हणतात. सॅमसंगच्या बऱ्याच गॅलेक्सी फोनमध्ये गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये ‘पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ असा पर्याय असतो. त्यासाठी पीडी, म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा चार्जर लागतो आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर असावी लागते.

सोय चालू झाली की नाही, हे तपासणं सोपं आहे. अर्धा तास खेळल्यावर टक्केवारी होती तिथेच असेल, आणि फोनची पाठ नेहमीपेक्षा कमी तापलेली असेल, तर ती काम करतेय. टक्के वाढत असतील तर वीज बॅटरीत चाललीय. पर्याय चालू असूनही असं झालं तर चार्जर किंवा केबल बदलून बघा.

फोनमध्ये बायपास नसेल तर घरातला जुना १० वॅटचा चार्जर काढा. वाटेतली गळती धरून फोनला साधारण आठ वॅट मिळतात. त्यातले पाच गेम खाईल आणि उरलेले तीन हळूहळू बॅटरीत जातील. एवढ्याने बॅटरी फारशी तापत नाही. ज्या चार्जरला आपण भंगार समजतो, तो या कामाला ब्रँडेड ठोकळ्यापेक्षा बरा.

रात्रभर चार्जिंगला लावायची सवय असेल तर बॅटरीच्या सेटिंगमधली ८० टक्क्यांची मर्यादा चालू करा. बहुतेक नव्या फोनमध्ये ती असते. फोन उशीखाली किंवा गोधडीवर ठेवू नका, आणि फास्ट चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढा.

केबलबद्दल एवढंच: तीन अँपिअरच्या वर वीज न्यायची तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ओळख पटवणारी चिप लागते. स्टँडवरच्या दुकानातल्या शंभर रुपयांच्या केबलमध्ये ती असेलच असं नाही. फास्ट चार्जिंगचं चिन्ह दिसेनासं झालं की आधी केबल बदला. मग फोन बंद करून पोर्टमधला कचरा कोरड्या लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. खिशातल्या सुताचा गच्च बोळा निघतो बऱ्याचदा.

गावाकडे लोडशेडिंगच्या वेळी पॉवर बँक लागतेच. पण फोनच्या पाठीला रबर लावून पॉवर बँक चिकटवायची आणि तशीच मॅच खेळायची, हा प्रकार बंद करा. दोन तापलेल्या बॅटऱ्या पाठीला पाठ लावून बसवल्यावर उष्णता जाणार कुठे? लांब केबल घ्या आणि पॉवर बँक बाजूला ठेवा.

पायरी ४: थंडावा

कव्हर काढा. गेमिंगचं म्हणून विकलं जाणारं रबरी, खडबडीत कव्हर म्हणजे फोनला घातलेला स्वेटर. त्यानंतर टेबल फॅन असा लावा की वारा तुमच्या चेहऱ्याऐवजी फोनच्या पाठीवरून जाईल. छताच्या पंख्याखाली आडवं पडून, फोन छातीशी धरून खेळलात, तर वारा फक्त स्क्रीनला लागतो. एवढं करूनच तापमानात फरक दिसतो का ते आधी बघा. बऱ्याच जणांना यापुढे जायची गरज पडत नाही.

फ्रिज, फ्रीझर, बर्फाची पिशवी, ओलं फडकं यातलं काहीही करू नका. गरम फोन एकदम थंड केला की आतल्या हवेतली वाफ सर्किटवर पाणी होऊन बसते.

क्लिपचा कूलर घ्यायचाच असेल तर दोन प्रकार ओळखा. नुसता पंखा असलेला स्वस्तातला कूलर खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणजे टेबल फॅन जे करतो तेच, कमी जोराने. दुसरा पेल्टिअरचा. त्यात वीज सोडली की पट्टीची एक बाजू गार होते, दुसरी तापते, आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. हा खरंच काम करतो, पण फोनच्या पाठीला थेट टेकला तरच. कव्हरवर लावून उपयोग नाही. त्याची केबल वेगळ्या ॲडॉप्टरला लावा, फोनच्या पोर्टमधून वीज घेऊ नका.

लावायचा कुठे? पंधरा मिनिटं खेळून फोनच्या पाठीवरून बोट फिरवा. सगळ्यात गरम जागा म्हणजे प्रोसेसर. बऱ्याच फोनमध्ये ती कॅमेऱ्याच्या आसपास असते. आरओजी फोन ६ मध्ये ती मुद्दाम मध्यभागी आणली होती, म्हणजे खेळताना बोटंही तिथे येत नाहीत आणि कूलरही बरोबर बसतो. कूलर फोनच्या मधोमध लावायची सवय इतर फोनवर वाया जाते, कारण तिथे खाली बॅटरी असते.

पेल्टिअरचा कूलर महाराष्ट्रात दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतो. अकोल्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला पृष्ठभाग सुमारे १० अंशांपर्यंत गार व्हावा लागतो. तिथे बिनधास्त वापरा. पण पावसाळ्यात मुंबई किंवा रत्नागिरीत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांलाच पाणी धरतं. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून जसे थेंब येतात, तसे ते कूलरच्या पट्टीवर येतात आणि फोनच्या फटींकडे ओघळतात. तिथे कूलर कमी वेगावर ठेवा आणि मॅच संपल्यावर पट्टी पुसा. थेंब दिसले तर त्या दिवशी टेबल फॅनवरच भागवा.

रेडमॅजिकच्या बऱ्याच फोनमध्ये २०१९ पासून आतच छोटा पंखा येतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी हवेच्या जाळ्या बोटांनी झाकल्या जात नाहीत ना ते बघावं, आणि धूळ साठली तर मऊ ब्रशने काढावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी आत जाते.

पायरी ५: बॅटरी म्हातारी झाली की

हे सगळं करूनही बॅटरी झिजतेच. युरोपीय संघात जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनसाठी नियम आहे, की ८०० चार्ज-चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० मिळून एक. रोज एक पूर्ण चक्र खेळण्यात घालवणाऱ्याचे ८०० सव्वादोन वर्षांत संपतात. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर आणि सॅमसंगमध्ये मेंबर्स ॲपच्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. क्षमता ८० च्या खाली गेली असेल आणि फोन ३० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या. नव्या फोनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो.

मागचं झाकण उचललेलं दिसलं, स्क्रीनची कड वर आली, किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, फोन बंद करा, आणि कडा दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. टोचून गॅस काढायचा विचारही नको, पेट घेते. गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर सेवा केंद्रात न्या. आतला डेटा हवा असेल तर नवी बॅटरी बसल्यावर काढा, आत्ता त्यासाठी चार्जर लावू नका.