हाताला न लागणाऱ्या मुलांसोबत काम करताना या चुका टाळा

समुपदेशनाला आलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोर सहसा स्वतःहून येत नाही. आईने ओढून आणलेलं असतं, नाहीतर शाळेने किंवा बाल न्याय मंडळाने पाठवलेलं. तरी नवे समुपदेशक पहिल्याच भेटीत वही उघडून विचारतात, "तू असं का केलंस?" हा प्रश्न पोलिसांपासून मामापर्यंत सगळ्यांनी विचारून झालेला असतो. पहिला टप्पा फक्त ओळखीचा. कॅरम खेळा, त्याचा मोबाइल गेम समजून घ्या. मी समोर नाही, शेजारी बसते. यात महिना गेला तरी चालेल. घाई असेल तर हे काम घेऊच नये.

सगळ्यांत जास्त नुकसान करते ती चूक म्हणजे पालकांना परस्पर फोन. एका केंद्रात दहावी नापास झालेला मुलगा कित्येक आठवडे कॅरमपलीकडे बोलत नव्हता. एके दिवशी म्हणाला, क्लासच्या वेळेत मी मित्रांबरोबर गांजा ओढतो. नवख्या समुपदेशक बाईंनी त्याच संध्याकाळी आईला फोन केला. घरी मार बसला. पुढच्या भेटीला तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, सगळं सांगितलंत ना?" आणि गेला. त्याला परत आणायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. घरी काय सांगायचं, ते आधी पोराशी ठरवावं आणि त्याच्यादेखत सांगावं. मी तर नेमकं वाक्यसुद्धा त्यालाच विचारते.

"कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगून टाका.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांचे बदलाचे टप्पे (१९८३), म्हणजे सवय सोडायचा विचारही नसण्यापासून ती सुटलेली टिकवण्यापर्यंतच्या पायऱ्या, सिगारेट स्वतःहून सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून आले. तो तक्ता घेऊन पोराला एका पायरीवर उभं करू नका. सकाळी ते पुढे असतं, संध्याकाळी मागे.

दोन भेटी चुकल्या की फाइल बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. जवळीक वाढली की ही मुलं उशिरा येतात, शिव्या देतात, गायब होतात. तुम्ही टिकता का, ते बघत असतात. त्याची वेळ मोकळी ठेवा आणि "गुरुवारी चारला मी आहे" एवढाच मेसेज टाका. खुलासा मागू नका.

शेवटही अचानक नको. प्रकल्पाचा निधी संपणार असेल, तुमची बदली होणार असेल, तर कळल्याच आठवड्यात सांगा. नव्या समुपदेशकाची ओळख तुम्ही असतानाच, तुमच्याच खोलीत करून द्या.