खिशातला स्कोप बनवताय? इनपुट ॲम्प्लिफायरच्या या चुका टाळा

"सर, वेव्हफॉर्म स्वच्छ येत नाही, यापेक्षा फास्ट चिप कुठली?" हातात मावणारा ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र, म्हणजेच स्कोप) बनवायला घेतलेला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. चिप बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

फास्ट म्हणजे चांगली

यावर मी मुद्दाम लांबण लावणार आहे. डिप्लोमाच्या एका मुलाने बॅटरीवरच्या स्कोपसाठी ओपीए६५७ ही सिग्नल मोठा करणारी चिप मागवली होती. का, तर तिचा गेन-बँडविड्थ (गेन वाढवला की वेग त्याच प्रमाणात घटतो, त्या दोन्हींचा गुणाकार) १.६ गिगाहर्ट्झ आणि ओपीए६५६चा फक्त २३० मेगाहर्ट्झ. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, ठेवला २. सोल्डरिंग अगदी बघत राहावं असं. पण इनपुट ग्राउंड केलं तरी ट्रेस (पडद्यावरची रेषा) मधोमध येईना, रेषा जाडजूड, आणि बोट जवळ नेलं की वर-खाली. त्याने ऑफसेटचा पॉट फिरवून पाहिला, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) बदलला, शेवटी फर्मवेअरमध्ये सरासरी काढून रेषा बारीक दाखवली! ही शेवटची करामत मला फार खटकते. रोग तसाच, वर रंगरंगोटी.

तपासायला त्याच्याकडे होता २० मेगाहर्ट्झचा स्कोप. त्यावर सगळं शांत. वेगवान स्कोपला जोडलं तेव्हा कळलं की चिप शेकडो मेगाहर्ट्झवर मजेत ऑसिलेट होतेय, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच थरथरतेय. ओपीए६५७ गेन ७ किंवा जास्त असेल तरच स्थिर राहते, हे डेटाशीटमध्ये सरळ लिहिलेलं आहे. तिच्या जागी ओपीए६५६ बसवली, जी गेन १ लाही स्थिर असते. पिना त्याच, बोर्ड तोच. ट्रेस जागेवर आला. पण डेटाशीट कोण वाचणार? व्हिडिओत कुणी वाचून दाखवत नाही ना.

माझी सवय अशी: पॉवर दिली की आधी इनपुट शॉर्ट करून आउटपुटचा डीसी मोजायचा, मग चिपला हलकेच बोट लावायचं. डीसी भलताच असेल किंवा चिप उगाच तापली असेल, तर सिग्नल जनरेटरला हातही लावायचा नाही.

अ‍ॅटेन्युएटरमध्ये नुसते रेझिस्टर

येणारा मोठा सिग्नल लहान करायचा भाग हा. ९०० किलोओहम वर, १०० किलोओहम खाली, झाला दहापट भाग. डीसीला झाला. पण ॲम्प्लिफायरच्या इनपुटची आणि ट्रॅकची मिळून १० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरली, तर ९० किलोओहमसोबत ती १७७ किलोहर्ट्झच्या आसपासच सिग्नल खाली ओढायला लागते. स्क्वेअर वेव्हचे कोपरे गोल झाले की लोक चिपला शिव्या देतात आणि महागडी चिप लावतात. कोपरे गोलच राहतात.

मी खालच्या रेझिस्टरला मुद्दाम १०० पिकोफॅरडचा सीओजी (तापमानाने न बदलणारा) कपॅसिटर लावतो, म्हणजे ट्रॅकच्या दोन-चार पिकोफॅरडने फारसं बिघडत नाही. वरच्या रेझिस्टरला खालच्या एकूण (आधीचे १० धरून ११०) पिकोफॅरडच्या एक नवमांश, म्हणून साधारण १२ पिकोफॅरडवर येणारा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने बदलता येणारा कपॅसिटर. १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह देऊन प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. लोखंडी वापरलात तर हात काढताच सेटिंग बदलेल.

बाकीच्या, थोडक्यात

टीएल०८४ या स्वस्त चिपचा गेन-बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ, म्हणून स्कोपही ३ मेगाहर्ट्झचा, असं होत नाही. गेन १० घेतला की ३०० किलोहर्ट्झ उरतात. ती चिप वापरणारा डीएसओ१३८ किट २०० किलोहर्ट्झचाच म्हणून विकतात, ते उगाच नाही.

ब्रेडबोर्डवर हे करू नका. नाही म्हणजे नाही.

१०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पॉवर पिनला चिकटून हवा, बोर्डाच्या कोपऱ्यात नव्हे.

प्रोटेक्शनला १एन४१४८ डायोडऐवजी कमी लीकेजचा बीएव्ही१९९ लावा. १ मेगओहमच्या इनपुटवर लीकेज लगेच जाणवतं.

एलएमएच६५१८ खास स्कोपसाठीच बनलेली, ९०० मेगाहर्ट्झची, म्हणून घाईघाईने मागवतात. पण ती वॉटभर पॉवर खाते आणि तिच्यापुढे १ मेगओहमचा जेफेट बफर (इनपुटमधून जवळपास करंट न ओढणारा ट्रान्झिस्टरचा टप्पा) लागतोच. स्कोप बनवणाऱ्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७२ साली ३५० मेगाहर्ट्झचा पोर्टेबल ४८५ आणला, तेव्हा त्यातल्या ॲम्प्लिफायर चिप घरच्याच होत्या. इथे मात्र चिप मागवून पार्सलची वाट बघणं म्हणजेच डिझाइन.

टीएल०७२ स्वस्तात मिळाली तर सोल्डर करण्याआधी ती बफर म्हणून (गेन १ वर) जोडून मोठी स्क्वेअर वेव्ह द्या आणि आउटपुट किती वेगाने चढतं ते मोजा. १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या आसपास हवा. एकाच्याही खाली आला तर वर काहीही छापलेलं असो, आत दुसरंच काही आहे.

आणि वेव्हची फक्त खालची बाजू कापली जात असेल तर निगेटिव्ह सप्लाय बघा. पॉझिटिव्हपासून निगेटिव्ह सप्लाय बनवणाऱ्या आयसीएल७६६० चिपचा आउटपुट रेझिस्टन्स ५५ ओहमच्या आसपास असतो. ओपीए६५६ एकटीच १४ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे पाऊण व्होल्ट तिथेच गेला. मी छोटा इन्व्हर्टिंग डीसी-डीसी लावतो आणि पुढे त्याचा गोंगाट अडवायला फेराइट बीड.