लांबच्या परदेशप्रवासाचा शेवट इन्सब्रुकमध्ये: आधी बर्फ, मग शहर

आपल्याकडून निघणाऱ्या युरोपच्या सहलींमध्ये इन्सब्रुकच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. इटलीतून ब्रेनर खिंडीमार्गे वर चढलेली बस वाट्टेन्सच्या स्वारोव्स्की क्रिस्टल दालनाशी थांबते, जुन्या शहरात सोनेरी छपरासमोर फोटो काढले जातात आणि अंधार पडण्याआधी गाडी पुढच्या मुक्कामाच्या वाटेला लागते. ज्यांनी तीन-चार आठवड्यांचा प्रवास स्वतः आखला आहे, किंवा जे मुलांकडे जर्मनीत दीड-दोन महिने राहून परतीच्या तयारीत आहेत, त्यांनी मात्र ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची ही राजधानी शेवटच्या पाच-सहा दिवसांसाठी राखून ठेवावी, असे मला वाटते. शहर समुद्रसपाटीपासून 574 मीटर उंचीवर, इन नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हजार मीटरहून उंच डोंगर आहेत. त्यामुळे सकाळी स्कीइंग आणि दुपारी संग्रहालय हा कार्यक्रम एकाच मुक्कामातून, बॅगा न हलवता जमतो. म्युनिकहून रेल्वेने येथे यायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे परतीच्या विमानाचीही सोय होते.

आखणी करताना सर्वांत महत्त्वाचा निर्णय क्रमाचा असतो. बहुतेक जण शहर आधी पाहतात आणि स्कीइंग 'शेवटची मजा' म्हणून परतीच्या आदल्या दिवसावर टाकतात. हे टाळावे. पहिल्यांदा स्की करणाऱ्याच्या मांड्या, पोटऱ्या आणि खांदे दुसऱ्या दिवशी ठणकतातच, आणि त्या अवस्थेत विमानात आठ-नऊ तास बसणे ही शिक्षा ठरते. गुडघा मुरगळलाच, तर डॉक्टरकडे जायला आणि विम्याची कागदपत्रे जमवायला हाताशी एखादा दिवस असावा लागतो. शिवाय डोंगरावरच्या हवामानाचा भरवसा नसतो. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खोऱ्यात उतरणारा फ्योन नावाचा उबदार, कोरडा वारा इन्सब्रुकमध्ये नेहमीचा आहे आणि तो जोरात सुटला की उंचावरच्या केबलगाड्या बंद ठेवल्या जातात. म्हणून हॉटेल पक्के करावे, परंतु स्कीचे दिवस मुक्कामाच्या पहिल्या भागात मोकळे ठेवून अंदाज पाहून ठरवावेत. शहर कोणत्याही हवेत पाहता येते. परतीच्या आदल्या दिवशी डोंगरावर जायचेच नाही, हा नियम घरातल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवलेला बरा.

मोसमाचा विचार तिकिटे काढण्यापूर्वी करावा. खालच्या उंचीवरचे उतार साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरीपर्यंत चांगले असतात. नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या या काळात खोल्या महाग होतात आणि लिफ्टसमोर रांगा लागतात, तर जानेवारीचा मधला काळ तुलनेने शांत व स्वस्त असतो. आपल्याकडच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी शहराच्या अंगाखांद्यावरच्या उतारांची आशा धरू नये. त्यांच्यासाठी स्टुबाय हिमनदी हा पर्याय उरतो, कारण तेथील स्की क्षेत्र 3,210 मीटरपर्यंत जाते आणि त्याचा मोसम बराच लांबतो. एवढ्या उंचीवर केबलगाडीने झटकन पोहोचल्यावर धाप लागू शकते. हृदयविकार किंवा दमा असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच तेथे जावे.

लांबच्या प्रवासात व्हिसाचे गणित शेवटच्या टप्प्यावर येऊन चुकते. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते आणि ऑस्ट्रियातले शेवटचे दिवसही त्यातच मोजले जातात. मध्येच लंडनला जाऊन पुन्हा युरोपात येणार असाल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेथेच संपतो. म्हणून अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. विम्याबाबतही असेच आहे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते म्हणून घेतलेल्या पॉलिसीत स्कीइंग धरलेले असेलच असे नाही. कित्येक पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ स्पष्टपणे वगळलेले असतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणावे लागल्यास बिल काही हजार युरोंच्या घरात जाते. तेव्हा हिवाळी खेळ आणि डोंगरावरील बचावकार्य या दोन्ही गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या आहेत का, हे निघण्यापूर्वी वाचून पाहावे. एजंटने फोनवर दिलेल्या आश्वासनावर विसंबू नये.

इथपर्यंत येईतो बॅगा भरलेल्या असतात, म्हणून स्कीइंगसाठी विकत काहीही घेऊ नये. स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. पुष्कळ दुकानांत जाकीट आणि पँटही मिळते. घरून आणायचे ते एवढेच: अंगालगतचे थर्मल कपडे, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, पाणी आत न घेणारे हातमोजे, गुडघ्यापर्यंत येणारे पातळ स्कीमोजे आणि उन्हाचा चष्मा. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन त्वचा भाजून काढते, त्यामुळे सनस्क्रीन हवेच. जीन्स घालून मात्र उतारावर जाऊ नये. दोनदा पडल्यावर ती भिजते आणि मग दिवसभर अंगाला गारठा लागत राहतो. मोठ्या बॅगा नकोशा झाल्या असतील, तर शेवटच्या दिवशी त्या मुख्य रेल्वे स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवता येतात.

आता जागेची निवड. शहराच्या उत्तरेला दिसणारा नॉर्डकेटेचा डोंगर मोह पाडतो, पण तो नवशिक्यांसाठी नाही. तेथले उतार तीव्र आहेत आणि तो फक्त पाहण्यासाठी राखून ठेवावा. पहिल्या दिवसासाठी मुटररआल्मचे सौम्य उतार बरे, आणि थोडे जमू लागल्यावर पाचरकोफेल. 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रान्झ क्लामर याने डाउनहिल या वेगाने उतरण्याच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले ते याच पाचरकोफेलवर, त्यामुळे अर्ध्या उतारावर बसून दम खाताना तेवढाच इतिहासाचा दिलासा. क्यूटाय हे गाव सुमारे 2,000 मीटर उंचीवर असल्याने तेथे बर्फाची खात्री अधिक असते. ऑस्ट्रियात उतारांना निळा (सोपा), लाल (मध्यम) आणि काळा (अवघड) असे रंग असतात. पहिल्या दोन दिवसांत सरावाची जागा आणि निळा रंग यांपलीकडे जाण्याचे काही कारण नाही. दोन किंवा अधिक रात्री राहणाऱ्यांना मिळणाऱ्या वेलकम कार्डावर शहरातल्या बस-ट्राम आणि हिवाळ्यातल्या स्कीबसची सोय असते, म्हणून खोली घेतानाच ते मागावे. पाच-सहा दिवसांत स्कीइंग आणि संग्रहालये दोन्ही भरपूर करणाऱ्यांसाठी 'स्की प्लस सिटी' हा एकत्रित पासही आहे, परंतु नवशिक्याला तो सहसा परवडत नाही. सरावाच्या पट्ट्याचे किंवा अर्ध्या दिवसाचे तिकीट पुरते.

भाड्याच्या दुकानात घाई करू नये; पुढचा सगळा दिवस तेथल्या वीस मिनिटांवर अवलंबून असतो. बूट घालताना पायात एकच मोजा असावा आणि थर्मल पँटचा काठ बुटाच्या आत जाता कामा नये, कारण त्या घडीने तासाभरात नडगीवर वळ उठतो. टाच जमिनीवर आपटून मागे सरकवावी, मग घोट्याजवळचे बकल आधी आणि बोटांकडचे नंतर, तेही हलकेच लावावे. सरळ उभे राहिल्यावर अंगठा बुटाला पुढे जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तो मागे सरकावा. असे झाले तर माप बरोबर. घट्ट बूट सैल होतील या आशेवर घेऊ नये आणि ऐसपैस बूट तर मुळीच घेऊ नये, कारण त्यात पाय वळला तरी स्की वळत नाही. यानंतर दुकानदार वय, उंची आणि वजन विचारतो. येथे लाजून पाच-सात किलो कमी सांगण्याची किंवा 'मला थोडेफार येते' म्हणण्याची प्रथा आपल्याकडे आहे, ती मोडावी. या आकड्यांवरून स्कीची पकड किती जोरावर सुटावी हे ठरते. वजन कमी सांगितले, तर स्की नको तेव्हा सुटते. कौशल्य वाढवून सांगितले, तर पडल्यावर ती सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

स्वतःहून किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकण्यात अर्थ नाही, प्रशिक्षक घ्यावा. मोठ्यांचे गटवर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून शनिवारी मुक्कामी पोहोचणे सोयीचे. आठवड्याच्या मध्ये येणाऱ्यांना दोन तासांचा खासगी वर्ग घ्यावा लागतो; तो महाग असला, तरी तिघा-चौघांत वाटला की जड जात नाही. पहिल्या दिवशी पडायचे कसे, उठायचे कसे आणि थांबायचे कसे एवढेच शिकायचे असते. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणाव्या. टोके उताराच्या दिशेने राहिली, तर उठता उठता माणूस पुन्हा घसरतो. थांबण्यासाठी पुढची टोके जवळ आणून मागच्या बाजू बाहेर ढकलायच्या असतात आणि वजन पुढे, नडगीवर ठेवायचे असते. भीती वाटली की प्रत्येक जण मागे रेलतो आणि नेमका त्यामुळेच वेग वाढतो. वर नेणाऱ्या दांडीच्या लिफ्टवर बसायचे नसते, ती पाठीमागे टेकवून उभे राहायचे असते; पहिल्यांदा येणारे अर्धे लोक बसायला जातात आणि तेथेच आडवे होतात. उतारावर खालच्या माणसाचा हक्क आधी असतो, वरून येणाऱ्याने वाट काढायची असते, आणि थांबायचे ते कडेला. डोंगरावर अपघात झाल्यास ऑस्ट्रियातला बचाव क्रमांक 140 आहे. 112 देखील चालतो. अडीच-तीन वाजता पाय थकले, की 'एक शेवटची फेरी' न मारता केबलगाडीने खाली यावे.

शहरासाठी दोन दिवस पुरतात आणि दुखऱ्या पायांना ते मानवतातही, कारण जुने शहर लहान व सपाट आहे. सोनेरी छप्पर म्हणजे सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी 1500 साली पूर्ण झालेला सज्जा. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली 2,657 तांब्याची कौले आहेत. ते पाच मिनिटांत पाहून होते. खरा वेळ द्यावा तो जवळच्या होफकिर्खे या चर्चला. तेथे मॅक्सिमिलियनच्या भव्य समाधीभोवती माणसाहून मोठे 28 कांस्यपुतळे पहाऱ्याला उभे आहेत, आणि समाधी मात्र रिकामी आहे. सम्राटाला पुरले ते दूर वीनर नॉयश्टाटला. पुतळ्यांच्या चिलखतांवरची आणि झग्यांवरची नक्षी जवळून पाहावी. पाहणाऱ्यांच्या हातांनी काही भाग घासून पिवळेजर्द झाले आहेत. मारिया-तेरेसिएन रस्त्याच्या दक्षिण टोकाची विजयकमान 1765 मधली आहे. राजपुत्राच्या लग्नासाठी ती बांधायला घेतली आणि त्याच सोहळ्यात त्याचे वडील, सम्राट पहिला फ्रान्सिस, वारले. म्हणून तिच्या एका बाजूला आनंदाची आणि दुसऱ्या बाजूला शोकाची शिल्पे आहेत.

हवा स्वच्छ असेल त्या सकाळी, शहराच्या दिवसातच, नॉर्डकेटे उरकावे. काँग्रेस स्थानकावरून हुंगरबुर्गला जाणारी रेल्वे 2007 साली सुरू झाली आणि तिची स्थानके वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचली आहेत. पुढे केबलगाड्यांनी 1,905 मीटरवरचे झेग्रुबे आणि तेथून हाफेलेकार गाठता येते. हदीद यांचीच दुसरी रचना, बर्गीझेलची स्की-उडीची कमान, शहराच्या दक्षिणेला आहे. उडी मारणाऱ्याला समोर खाली शहरातले कबरस्तान दिसते, हा तेथला जुना विनोद. संग्रहालये, केबलगाडीची फेरी आणि शहरातला बसप्रवास एकत्र देणारे इन्सब्रुक कार्ड 24, 48 किंवा 72 तासांचे असते. नॉर्डकेटे, होफकिर्खे आणि बर्गीझेल हे तिन्ही एका दिवसात होणार असतील, तर 24 तासांचे घ्यावे. वाट्टेन्स वगळले तरी चालेल, असे माझे मत. लहान मुले बरोबर असतील तर गोष्ट निराळी.

शाकाहारी मंडळींनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे: टिरोलच्या क्न्योडेल या गोळ्यांमध्ये बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून पालकाचे किंवा चीजचे मागावे. केझेश्पेट्सले हा चीजमधला पिठाळ पदार्थ आणि कायझरश्मार्न हा फाडलेला गोड जाड घावन, या दोहोंवर डोंगरावरचे जेवण निभते. आठवडे बाहेरचे खाऊन कंटाळा आला असेल, तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि संध्याकाळी वरणभात लावावा. रविवारी दुकाने बंद असतात; सामान शनिवारीच आणावे.

निघण्याच्या दिवशी म्युनिकच्या विमानतळाला जायचे असेल, तर रेल्वेने म्युनिक आणि तेथून लोकल रेल्वे, असे टप्पे असल्याने विमानाच्या वेळेआधी सहा-सात तास इन्सब्रुक सोडावे. हिवाळ्यात गाड्या लांबतात. ऑस्ट्रियात एका दुकानातून 75 युरोंहून अधिक खरेदी केली असेल, तर करपरताव्याचा अर्ज तेथेच भरून घ्यावा. शिक्का मात्र युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या ठिकाणी, म्हणजे म्युनिकलाच मिळतो, आणि त्यासाठी वस्तू दाखवाव्या लागतात. म्हणून त्या बॅगेच्या तळाशी दाबू नयेत आणि बॅग सोडण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीकडे जावे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने झुरिकहून उडणाऱ्यांनी हा शिक्का ऑस्ट्रियाची हद्द सोडतानाच घ्यायचा असतो. रेल्वेप्रवासात ते जमवणे कटकटीचे असल्याने, मोठी खरेदी करणाऱ्यांनी परतीचे तिकीट म्युनिकचेच काढावे.