रीफ टँकचा यूव्ही चॅनल किती टक्क्यांवर ठेवायचा?

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि यूव्ही म्हणजे अतिनील उजेड. आधी एक घोळ निस्तरू. लाईटच्या ॲपमध्ये 'यूव्ही' लिहिलेला जो स्लायडर असतो तो बहुतेक ३९० ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, त्यातला ४०० च्या खालचा तेवढाच खरा यूव्ही आणि तोही सौम्य, यूव्ही-ए, बाकी सगळा जांभळा म्हणजे व्हायलेट. पाणी निर्जंतुक करणाऱ्या स्टरलायझरमधला यूव्ही-सी हे वेगळंच प्रकरण, तो २५४ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि जंतू मारायला बंद नळीत ठेवलेला असतो. तो कोणी उघडा टँकवर टांगला तर कोरलचं आणि स्वतःच्या डोळ्यांचं, दोघांचं वाटोळं. त्यामुळे दुकानात नुसतं 'यूव्ही लाईट द्या' म्हणू नका, नॅनोमीटर विचारा.

हा चॅनल कशासाठी? कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझॅन्थेली, त्याचं पोट मुख्यतः निळ्या उजेडावर चालतं, म्हणजे ४५० चा रॉयल ब्लू हा रोजचा भात आणि व्हायलेट म्हणजे वरचं तिवळ. व्हायलेटची खरी मजा रंगात आहे, कोरलमधली फ्लुरोसंट प्रोटीन्स तो उजेड शोषतात आणि हिरवा, केशरी करून परत फेकतात. पण आपल्या डोळ्याला ४०० च्या आसपासचा उजेड फारच मंद दिसतो, त्यामुळे ८० टक्के केला तरी वाटतं अजून काही झालंच नाही, मग माणूस अजून वाढवतो आणि तिथेच फसतो. साधा पार मीटरसुद्धा (पार, PAR, म्हणजे शेवाळाला अन्न बनवायला वापरता येणारा उजेड) ४०० ते ७०० एवढंच मोजतो, खालचं धरतच नाही.

मी मालवणात राहतो, टँक पडवीच्या आतल्या खोलीत आहे आणि त्यात फक्त सॉफ्ट कोरल: झोआ, मशरूम, एक लेदर. (समोर एवढा समुद्र असताना विकत कशाला, असं पाहुणे हमखास विचारतात. बाबांनो, इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी कोरल वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलून टँकमध्ये टाकू नका.)

सेटिंग मी असं केलं. पहिले उंची ठरवली, पाण्यापासून साधारण २२ सेंटीमीटर, आणि त्यानंतर लाईटला हात लावला नाही कारण उंची आणि टक्के दोन्ही एकदम बदलले की कशामुळे काय झालं ते कळत नाही. निळा ३५, व्हायलेट २०, पांढरा ५ वर सुरू केलं, दिवसाला ८ तास, त्यात सकाळी तासभर हळूहळू चढणार आणि संध्याकाळी तासभर उतरणार. मग आठवड्याला ५ टक्के आणि एका वेळी एकच स्लायडर. सॉफ्ट कोरलला पार ५० ते १५० मध्ये भागतं, मीटर विकत घेण्यापेक्षा कोणाकडून दोन दिवस मागून आणा. तुमचा लाईट वेगळा असेल तर माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका, कमीवर सुरू करायचं एवढं घ्या.

कोरल स्वतः सांगतात. उजेड जास्त झाला तर झोआ दिवसाढवळ्या मिटून बसतात, मशरूम आक्रसतं, रंग फिका पडतो. कमी पडला तर झोआ माना लांब करतात आणि मशरूम ताणून पसरट होतं. लेदर मात्र मिटलं म्हणून घाबरू नका, ते मधूनच चारपाच दिवस मेणचट होऊन कात टाकतं आणि परत फुलतं.

आता माझी चूक. व्हायलेट ४० वर दोन महिने सगळं मस्त चालू होतं. गणपतीला घरात माणसं येणार म्हणून मी टँक चकाचक केला, लाईटच्या लेन्सवरचा मिठाचा थर पुसला, फिल्टरमध्ये नवीन कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) टाकला. चौथ्या दिवशी मशरूम बटणाएवढं, कडेने पांढरं. स्लायडर तर ४० वरच होता! झालं असं की जुनं पाणी पिवळसर होतं, तो पिवळेपणा जांभळा उजेड खात होता, वर लेन्सवर मीठ, आणि मी दोन्ही एका दुपारी काढून टाकलं. तेव्हापासून कार्बन बदलला किंवा लेन्स पुसली की आधी व्हायलेट १० ने उतरवतो आणि दोन आठवड्यांत परत चढवतो. लेन्स दर आठवड्याला पुसली तर एवढा फरक पडतच नाही म्हणा. पुसताना लाईट बंद आणि गार, कापड आरओच्या पाण्यात भिजवलेलं. पंखाही बघत जा, आमच्या खाऱ्या हवेत तो गंजून जाम होतो आणि एलईडी तापते.

एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं तेव्हा उजेड थोडा उतरवा, कारण उष्णता आणि उजेड एकत्र आले की ब्लीचिंग होतं, म्हणजे कोरल आतलं शेवाळ गमावून पांढरं पडतं. मी तेव्हा टायमर दुपारी ४ ते रात्री १२ करतो, आई रोज ओरडते, 'हो निळो उजेड कित्याक लावन ठेवलंस?' पावसात उलट, लाईट जाते ती दोनदोन दिवस. आली की आधी कंट्रोलरचं घड्याळ बघा, माझं एकदा रात्री २ ला दुपार समजत होतं, आणि अंधार दोन दिवसांहून जास्त झाला असेल तर अर्ध्यावरून सुरू करून आठवडाभरात पूर्वपदावर आणा.

आणि रंग फिका पडतोय का ते आठवणीवर सोडू नका, फोटो काढा. निळ्या उजेडात मोबाईलचा फोटो नुसता निळा येतो, त्यावर आकाशकंदिलाचा पिवळा जिलेटिन कागद दुहेरी करून कॅमेऱ्यावर धरा, खरे रंग दिसतात. दर रविवारी, त्याच वेळी, तोच कोपरा.