डेस्कटॉप संगणकाला कार्ड बसवून जादा यूएसबी पोर्ट कसे जोडावेत

सेवा केंद्रातील किंवा छोट्या कार्यालयातील संगणकाला कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि वेबकॅम जोडून झाले की पेनड्राइव्हसाठी जागा उरत नाही. अशा वेळी बहुतेक जण बाजारातून एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा हब आणतात. हब वाईट नसतो. परंतु त्यावर लावलेली सर्व उपकरणे एकाच पोर्टाचा वेग आणि, हबला स्वतंत्र ॲडॉप्टर नसेल तर, एकाच पोर्टाची वीजही वाटून घेतात. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर आणि यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलीॲम्पिअर एवढाच प्रवाह देण्यास बांधील असतो. पोर्टेबल हार्ड डिस्क हबवर मध्येच बंद पडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. संगणक टॉवर प्रकारचा असेल आणि त्याच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, कार्ड बसवण्याचा एखादा स्लॉट रिकामा असेल, तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे.

कार्ड विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट उघडून आत पाहावे. मदरबोर्डवरील सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा छोटा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस एक्स-१, तर सुमारे नऊ सेंटिमीटर लांबीचा मोठा स्लॉट म्हणजे एक्स-१६. चार पोर्टांची सर्वसाधारण कार्डे एक्स-१ प्रकारची असतात आणि छोटा स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल, तर ती रिकाम्या मोठ्या स्लॉटमध्येही चालतात. फार जुन्या संगणकात पीसीआय हा वेगळ्या जातीचा स्लॉट आढळतो. त्यात ही कार्डे बसत नाहीत. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डाची मागची धातूची पट्टी सुमारे बाराऐवजी आठ सेंटिमीटर उंचीची लागते. काही कार्डांसोबत दोन्ही पट्ट्या मिळतात, तेव्हा खोक्यावर तसा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावे. संगणक वॉरंटीत असल्यास कॅबिनेट उघडण्याबाबतची अटही आधीच वाचावी.

आता विजेचा मुद्दा. दुकानात पोर्ट किती आणि वेग किती एवढेच विचारले जाते, परंतु माझ्या मते कार्डाची निवड विजेवरूनच करायला हवी. यूएसबी उपकरणांना ५ व्होल्ट लागतात आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून मिळतात ते फक्त ३.३ व १२ व्होल्ट. म्हणून कार्डाला एक तर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे मंडल स्वतःवर बाळगावे लागते, किंवा एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वेगळी वायर घ्यावी लागते. यूएसबी ३.० च्या चारही पोर्टांवर पूर्ण भार आला, तर ४ गुणिले ०.९ ॲम्पिअर गुणिले ५ व्होल्ट, म्हणजे १८ वॉट लागतात. उलट एक्स-१ कार्डाला संगणक सुरू होताना स्लॉटमधून १० वॉटपर्यंतच वीज घेता येते. प्रिंटर आणि स्कॅनर साधारणपणे स्वतःच्या ॲडॉप्टरवर किंवा थेट विजेवर चालतात, त्यामुळे केवळ अशी उपकरणे जोडायची असतील तर वायर नसलेले कार्ड पुरते. दोन हार्ड डिस्क एकाच वेळी चालवायच्या असतील, तर साटा किंवा मोलेक्स (एसएमपीएसच्या वायरींच्या टोकांचे दोन प्रकार) प्रकारचा वीजजोड असलेले कार्डच घ्यावे. त्यासाठी एसएमपीएसची एक वायर मोकळी आहे ना, हे कॅबिनेट उघडलेच आहे तेव्हा पाहून ठेवावे. मोकळी वायर वेगळ्या प्रकारची निघाली, तर जोडणीचा कन्व्हर्टर घेताना ज्याच्या प्लगमध्ये तारा सुट्या, दाबून बसवलेल्या दिसतात असा घ्यावा. प्लास्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त प्लगमध्ये आतल्या आत तारा एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार घडतात.

वेगाबाबत थोडेसे. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीची एक लेन, म्हणजे माहिती वाहणारी एक वाट (एक्स-१ मध्ये एक, एक्स-१६ मध्ये सोळापर्यंत), सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट वाहून नेते आणि कार्डावरील चारही पोर्ट तेवढ्यातच भागवतात. एका वेळी एकच डिस्क चालवणाऱ्यास हे पुरेसे असते. १० गिगाबिटचे कार्ड मात्र एक्स-१ स्लॉटमध्ये घालून जास्तीचे पैसे वाया घालवू नयेत, कारण त्याच्या पूर्ण वेगासाठी अधिक लेन लागतात. बहुतेक कार्डांवर रेनेसास, व्हीआयए किंवा एएसमीडिया अशा कंपन्यांची चिप असते. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, अंगभूत आहे. विंडोज ७ वापरणाऱ्यांनी चिपनिर्मात्याचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा.

प्रत्यक्ष बसवण्यासाठी संगणक रीतसर शट डाउन करावा, भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा आणि आत साठलेली वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटवरील पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. मागच्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर त्यांचे छायाचित्र घ्यावे. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवून मागील बाजूचे स्क्रू सोडवावेत आणि झाकण सरकवून काढावे. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला स्पर्श करावा व काम संपेपर्यंत तो अधूनमधून करत राहावा. हवा कोरडी असताना, विशेषतः विदर्भातील उन्हाळ्यात, अंगावरील स्थिर विद्युत चिपला निकामी करू शकते, आणि ती ठिणगी आपल्याला जाणवेलच असे नाही.

निवडलेल्या स्लॉटसमोरची मागची कोरी पट्टी काढावी. स्लॉटमध्ये धूळ असल्यास मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. तोंडाने फुंकर मारू नये, त्यातून ओलावा आत जातो. कार्ड कडांनी धरावे, सोनेरी संपर्कपट्ट्यांना बोट लावू नये, आणि खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब देत ते सरळ खाली बसवावे. ते तिरपे जाऊ लागले तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा प्रयत्न करावा. पट्टी स्क्रूने घट्ट करावी. हा स्क्रू राहिला तर वायर ओढली गेली की कार्ड स्लॉटमधून उचकटते. त्यानंतर वीजजोड लावावा. साटाचा प्लग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा असल्याने उलटा बसत नाही. वीजजोड असलेल्या अनेक कार्डांचे पोर्ट तो जोडल्याशिवाय चालतच नाहीत, म्हणून झाकण लावण्याआधी एकदा खात्री करावी आणि कोणतीही वायर पंख्याच्या पात्यांपाशी लोंबत नाही हेही पाहावे.

संगणक सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील यूएसबी कंट्रोलरच्या यादीत नवा एक्स्टेन्सिबल होस्ट कंट्रोलर दिसला पाहिजे. प्रत्येक पोर्टावर एकच पेनड्राइव्ह आळीपाळीने लावून पाहावा, म्हणजे एखादा पोर्ट खराब निघाला तर कार्ड मुदतीत बदलून घेता येते. कार्ड दिसलेच नाही, तर संगणक बंद करून, प्लग काढून ते पुन्हा बसवावे आणि तरीही न दिसल्यास दुसरा स्लॉट वापरून पाहावा. काही मदरबोर्डांवर एम.२ प्रकारची एसएसडी लावली की एखादा स्लॉट आपोआप बंद होतो. याची माहिती मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते.

शेवटी उपकरणांची वाटणी करावी. कीबोर्ड मदरबोर्डच्या मूळ पोर्टावरच ठेवावा, कारण अनेक जुने संगणक विंडोज सुरू होण्यापूर्वी कार्डावरील पोर्ट ओळखत नाहीत आणि मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरता येत नाही. बिनतारी माउसचा रिसीव्हरही यूएसबी ३.० पोर्टांपासून दूर, शक्यतो समोरच्या यूएसबी २.० पोर्टावर लावावा; यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि माउस अडखळू लागतो. डिस्क, स्कॅनर आणि वेबकॅम नव्या कार्डावर न्यावेत. एखादे उपकरण काही वेळ न वापरल्यावर दिसेनासे होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी.