विदर्भातल्या गावातून विद्यापीठात स्पॅनिशचे प्राध्यापक व्हायचे असेल तर

स्पॅनिश शिकवण्याची नोकरी विद्यापीठात हवी असेल, तर पहिला निर्णय बारावीतच घ्यावा लागतो. नेहमीची चूक अशी होते: जवळच्या कॉलेजात बीए किंवा बीकॉम करायचे, सोबत कुठून तरी स्पॅनिशचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि तीन वर्षांनी एमएचा अर्ज भरायला बसायचे. तिथे अट समोर येते, बीए स्पॅनिशमध्येच हवे. काही विद्यापीठे कोणत्याही पदवीसोबत प्रगत पदविका मान्य करतात, पण तीही प्रमाणपत्र आणि पदविका झाल्यावर मिळते, म्हणजे वर्षे वाढतातच. बीए स्पॅनिश, मग एमए स्पॅनिश, मग नेट (प्राध्यापक पदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), मग पीएचडी, ही सरळ साखळी असेल तर मध्ये कुठे अडत नाही.

बीएला स्पॅनिश शून्यापासून शिकवतात, आधी एक शब्द येत नसला तरी चालते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ ही दोन नावे आधी बघा. बल्लारशाह, वर्धा आणि नागपूर एकाच मोठ्या रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे उत्तरेला दिल्ली आणि दक्षिणेला हैदराबाद दोन्हीकडे थेट गाड्या मिळतात. दोन्ही केंद्रीय विद्यापीठे असल्याने शुल्क खासगी विद्यापीठांच्या मानाने फार कमी आहे. खरा खर्च खोली आणि जेवणाचा, म्हणून प्रवेश निश्चित झाला की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भरा. दिल्लीचा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. हैदराबादची पद्धत आणि दोन्हीकडे लागणारे पेपर त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. सीयूईटीचे विषय मराठीतून देता येतात, इंग्रजी भाषेचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी उतारावाचन करावे, गुण तिथेच जातात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त मुले अडतात ती नॉन-क्रिमीलेअरवर. राज्याचे प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातले वेगळे काढावे लागते. जात राज्याच्या ओबीसी यादीत असली म्हणजे केंद्राच्या यादीत असतेच असे नाही, ते आधी तपासा. प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे मागतात, म्हणून 1 एप्रिलनंतर लगेच सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये तहसील कार्यालयात दाखल्यांची गर्दी उसळते आणि मग तारीख हुकते.

ज्यांना घर सोडण्याआधी भाषा चाखून पाहायची आहे त्यांनी वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परकीय भाषांच्या वर्गांची चौकशी करावी. इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे, त्यांच्या दूरशिक्षणातल्या स्पॅनिश प्रमाणपत्राचीही तिथे विचारणा करता येते. आवड तपासायला हे पुरेसे आहे, पदवीची जागा ते घेत नाही.

भाषा पक्की कशी होते

भाषेची पातळी ए1 ते सी2 अशा सहा युरोपीय पायऱ्यांत मोजतात, शिकवण्यासाठी निदान सी1 हवी. बी2 पर्यंत यायलाच साधारण 500 ते 600 तास लागतात, ते निव्वळ वर्गात भरत नाहीत. स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने काढलेल्या सेरवान्तेस संस्थेच्या सेंत्रो विर्तुआल सेरवान्तेस या संकेतस्थळावर वाचन-श्रवणाचे साहित्य फुकट आहे. स्पेनच्या राष्ट्रीय रेडिओचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐकता येतात. भारनियमन असेल तर रात्री वीज असतानाच उतरवून ठेवा. बोलायला माणूस लागतो, आणि तिथे वेळेचा हिशेब कामी येतो: आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा मेक्सिको शहरात आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. स्पेन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहे. भाषा-अदलाबदलीचा जोडीदार ठरवताना पहाटेचा मेक्सिको किंवा रात्री नऊचा स्पेन निवडा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी स्पॅनिश इंग्रजीतून शिकवले जाते आणि मराठी मुले इंग्रजीच्या वाटेने जाऊन नको त्या चुका करतात. थेट मराठीवरून जा. 'मला संत्रं आवडतं' म्हणजे 'मे गुस्ता ला नारांखा', 'मला संत्री आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लास नारांखास'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे 'यो गुस्तो' म्हणून मोकळा होतो. 'किल्ली शोधतो' पण 'बहिणीला शोधतो', आपल्या या 'ला'च्या जागी स्पॅनिशमध्ये 'आ' येतो आणि तोही माणसालाच लागतो: 'बुस्को ला याबे' (इथला 'ला' म्हणजे इंग्रजीतला 'द'), पण 'बुस्को आ मी एर्माना'. 'काल शेतात गेलो' आणि 'लहानपणी शेतात जायचो' यांतला फरक म्हणजे 'फुई' आणि 'इबा' यांतला फरक. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तो महिनोन्महिने छळतो. 'तू यावंस असं मला वाटतं' यातले 'यावंस' ज्याला कळते, त्याला 'क्येरो के बेंगास' मधला इच्छार्थ निम्मा आधीच येत असतो.

जिथे मराठी साथ देत नाही ती ठिकाणे वेगळी लिहून ठेवा. 'सेर' आणि 'एस्तार' दोन्हींना आपण 'आहे' म्हणतो. पण 'एस बेर्दे' म्हणजे रंगाने हिरवे आणि 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून पिकलेले नाही. आपली तीन लिंगे तिथे दोन होतात. 'पोर' आणि 'पारा' यांना एकच एक मराठी प्रत्यय नाही, ते वाक्यांतूनच घोटावे लागतात.

उच्चारांत आपले त, द, प, क हे जवळजवळ तसेच चालतात. टोमॅटोला 'तोमाते' म्हणायचे, ट लावायचा नाही. ब आणि व लिहायला दोन अक्षरे, ध्वनी एकच. अडते ते थरथरणाऱ्या दुहेरी र वर: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. जीभ वरच्या हिरडीला सैल टेकवून श्वास जोरात सोडण्याचा सराव रोज पाच मिनिटे केला की बहुतेकांना जमते. आणि वर लिहिलेला 'नारांखा' मधला ख हा आपला स्फोटक ख नव्हे, उर्दूसारखा घशात घासणारा आहे.

पातळीचा दाखला म्हणून सेरवान्तेस संस्थेची डेले परीक्षा द्या, त्याची मुदत संपत नाही. सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचा दाखला 5 वर्षेच चालतो. डेले बी2 मध्ये वाचन-लेखनाचा एक गट आणि श्रवण-संभाषणाचा दुसरा, प्रत्येकी 50 पैकी 30 गुण स्वतंत्रपणे लागतात. एका गटात 45 आणि दुसऱ्यात 28 आले तर नापासच. खेड्यात एकट्याने तयारी करणाऱ्यांचा दुसरा गट पडतो, म्हणून तासांची वाटणी करताना निम्मा वेळ ऐकण्या-बोलण्याला ठेवा.

नेट आणि पहिली नोकरी

सहायक प्राध्यापक पदाला एमएला 55 टक्के आणि नेट लागते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना 50 टक्के चालतात. महाराष्ट्राच्या सेटच्या (राज्यस्तरीय पात्रता परीक्षेच्या) विषयांत स्पॅनिश नाही, त्यामुळे नेटच द्यावी लागते. पेपर 1 (अध्यापन-संशोधनाची सामान्य चाचणी) मध्ये 50 प्रश्नांना 100 गुण, पेपर 2 (स्पॅनिश विषय) मध्ये 100 प्रश्नांना 200 गुण, दोन्ही मिळून 3 तास, उणे गुण नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. स्पॅनिशची मुले पेपर 2 चे साहित्य घोकतात आणि पेपर 1 कडे दुर्लक्ष करतात, मग जेआरएफ (नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधनवृत्ती) थोडक्यात हुकते. जेआरएफचे 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. ती हुकली तर पीएचडीसाठी बार्टी, सारथी, नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधनवृत्तीच्या जाहिराती पाहा आणि अटी त्या वर्षीच्याच वाचा.

कायम जागा एमए झाल्या झाल्या क्वचितच मिळते. आधी अतिथी प्राध्यापक किंवा तासिका तत्त्व. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2019 च्या दरानुसार अतिथी प्राध्यापकाला एका तासिकेचे 1,500 रुपये, महिन्याला जास्तीत जास्त 50,000. सुट्टीत पैसे नाहीत, म्हणून मे-जूनच्या खर्चाची तरतूद आधीच करा. नियुक्तिपत्र तारीख आणि तासांसह लेखी घ्या, मानधन बँकेतूनच घ्या. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार विद्यापीठाच्या छाननीत अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 गुण आहेत, कमाल 10. शोधनिबंधालाही प्रत्येकी 2, कमाल 10. पीएचडीला 30, जेआरएफसह नेटला 7, नुसत्या नेटला 5. एमएला 80 टक्के किंवा जास्त असतील तर 25 आणि 60 ते 80 च्या आत असतील तर 23, पदवीचेही गुण वेगळे धरतात. या नियमांत ही छाननी फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरती असते, निवड मुलाखतीवर होते.

नोकरी लागल्यावर

सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये. आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवणे, बाकी वेळ प्रश्नपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रवेश समित्या यांत जातो. नव्या शिक्षकाच्या वाट्याला बहुधा पहिल्या वर्षाचे वर्ग येतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला तासाला एक मिनिटही बोलायला मिळत नाही, त्यामुळे जोड्या पाडून बोलायला लावणे भागच आहे. वह्या तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. त्या आठवड्याचा एकच मुद्दा धरा, नाहीतर मुले लिहिणेच टाळतात.

संशोधनाचा विषय निवडताना स्पेनच्या अभिजात साहित्यावर सगळेच तुटून पडतात. विदर्भातल्या माणसाला वेगळे दार उघडे आहे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवले, मक्यावर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारल्या आणि अखेरचा काळ नागपुरात घालवला. त्यांच्या कामाची स्पॅनिश कागदपत्रे आणि मराठी साधने दोन्ही वाचू शकणारे अभ्यासक मोजकेच आहेत. असा विषय घेतला तर मार्गदर्शक शोधताना स्पॅनिशसोबत लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाचा माणूस सहमार्गदर्शक म्हणून मागा.

पीएचडी असेल तर पुढची वेतनपातळी 4 वर्षांत, नसेल तर 6 वर्षांत मिळते. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच, म्हणून नोकरी लागली म्हणून प्रबंध अर्धवट ठेवू नका. नोंदणीपासून साधारण 6 वर्षांची मुदत असते आणि ती पगार सुरू झाल्यावर फार लवकर सरते.