पक्षाघातानंतरचा घास : न्यूरो वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑक्युपेशनल थेरपीच्या इंटर्नशिपमध्ये न्यूरोची पोस्टिंग लागली की पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण जाड दांड्याचा चमचा शोधायला धावतात. चमचा सगळ्यात शेवटी येतो. आधी गिळणं, मग बसणं, मग हात. हा क्रम चुकला तर पेशंट झकास चमचा धरायला शिकतो आणि आठ दिवसांत, अन्न-पाणी फुप्फुसात उतरून, न्यूमोनिया होऊन पुन्हा आयसीयूत जातो.

केसपेपरवर एनबीएम (म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही) लिहिलं असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. नातेवाइकांचं ‘नुसते ओठ ओले केले हो’ हे वाक्य रोज ऐकू येईल. त्यांना कारण समजावून सांगा, रागावू नका. तपासणी बहुधा स्पीच थेरपिस्ट करतात, ते नसतील तिथे डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर. पेशंट नीट जागा आहे का, टेकून बसतो का, लाळ गिळतो का, सांगितल्यावर खोकतो का, हे आधी पाहतात. मग चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली पाणी. ते निभावलं तर ९० मिली सलग प्यायला देतात. पिताना किंवा नंतरच्या मिनिटभरात ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरीत झाला, तर तिथेच थांबायचं.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी पेशंट खोकत नाही. म्हणून दर तीन-चार घासांनी ‘आ’ म्हणायला लावा आणि आवाज कान देऊन ऐका. डोळ्यांत पाणी येणं, श्वास भराभर चालणं, संध्याकाळी बारीक ताप चढणं, यातलं काहीही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून कळवा.

आता बसणं. कॉटचं डोकं वर केलं की पेशंट दहा मिनिटांत घसरून खाली येतो, पोट दाबलं जातं आणि मान मागे जाते. जमेल त्याला खुर्चीत बसवा: कंबर खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, टेबल कोपराच्या उंचीला. लुळा हात मांडीवर लोंबकळत ठेवू नका, खांदा उतरतो. कोपरापासून तो टेबलावर ठेवा. पाय पोचत नसतील तर खाली पाट सरकवा. भरवणाऱ्यानेही स्टूल घेऊन समोर, डोळ्यांच्या पातळीला बसायचं. उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो, हनुवटी वर जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. हनुवटी छातीकडे घेणं किंवा मान लुळ्या बाजूला वळवणं या युक्त्या उपयोगी आहेत, पण कुणाला कोणती, हे तपासणीनंतरच ठरतं. एखाद्याला त्याने त्रासही वाढतो.

आपल्याकडचा खास धोका म्हणजे तांब्याने वरून पाणी पिण्याची सवय. तोंड न लावता ओतायचं तर मान मागे टाकावी लागते आणि पाणी घशात धबाधबा कोसळतं. ही सवय पहिल्या दिवशीच मोडा. रुंद तोंडाचं फुलपात्र अर्ध्याहून जास्त भरलेलं ठेवा, म्हणजे मान न उचलता ओठाला पाणी लागतं. संपत आलं की पुन्हा भरा. तळाचा घोट घ्यायला मान मागे जातेच. बशीतला चहाही तसाच फसवा. फुरका मारताना चहाबरोबर हवा आत ओढली जाते, आणि त्या ओढीत चहा भलत्या वाटेने जातो.

पातळ पदार्थ झेपत नसेल तर तो दाट करतात. किती दाट, हे अंदाजाने ठरवू नका. आयडीडीएसआय या अन्न-द्रवांचा दाटपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत ० ते ७ पातळ्या आहेत; ० म्हणजे पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. द्रव मोजायला १० मिलीची सिरिंज पुरते, फक्त ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी आहे का ते तपासा. दट्ट्या काढा, टोकाला बोट लावून १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा आणि १० सेकंदांनी परत लावा. १ मिलीहून कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ हून जास्त उरलं तर ३. काहीच गळलं नाही तर ४. पिठूळ थिकनर (दाट करायची पूड) घातलेला द्रव लाळ लागली की पुन्हा पातळ होतो, म्हणून उष्टा चमचा भांड्यात बुडवू नका. गोंदासारख्या झँथन गमचा थिकनर लाळेपुढे टिकतो. पेज किंवा नाचणीचं सत्त्व घरी चालतं, पण निवलं की घट्ट होतं आणि लाळ लागली की सैल. दर वेळी देण्याआधी मोजा.

घनपदार्थांत सगळ्यात जास्त गोंधळ ‘मऊ’ या शब्दाने होतो. घरच्यांना आमटी-भात मऊच वाटतो, पण त्यात पाणी आधी घशात पळतं आणि शितं मागे राहतात. शेवयांची खीर, दूध-पोहे यांचंही तेच. वरण-भात एकजीव घोटला, चमच्यावर ढीग राहिला आणि पाणी सुटलं नाही, तर तो बरा. कोरडे पोहे, शेव, शेंगदाण्याची चटणी, सालासकट मोडाची उसळ सुरुवातीला बंद. साबुदाणा खिचडी चिकट होऊन टाळूला बसते. पातळी ५ ला मोठ्या माणसासाठी गुठळी ४ मिमीपर्यंत हवी, साधारण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढी. पातळी ६ ला तुकडा १५ मिमीपर्यंत.

घास चांगल्या बाजूला ठेवा, चमच्याने जिभेवर हलका दाब द्या आणि ओठ मिटू द्या. चमचा वरच्या दातांवर घासून रिकामा करू नका. गिळल्यावर एकदा कोरडं, म्हणजे नवा घास न घेता, गिळायला सांगा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठतं आणि पेशंटला ते जाणवत नाही, म्हणून बोटाने नाही, टॉर्चने बघा. घास तोंडात असताना प्रश्न विचारू नका. गोळ्या कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

हाताकडे या ते इथून पुढे. डाव्या अंगाचा पक्षाघात असेल तर उजवा हात शाबूत असतो, पण ताटाची डावी बाजू त्याच्यासाठी असतेच असं नाही: डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी, भात संपलेला. डाव्या काठाला लाल पट्टी लावा आणि ‘लाल पट्टी सापडेपर्यंत बघा’ असं सांगा. ताट फिरवून द्यायची सवय लावली तर तो कधीच शोधणार नाही. उजवं अंग गेलं असेल तर घरात डाव्या हाताने जेवण्याचा प्रश्न येतो. तो मोकळेपणाने बोलून घ्या. डाव्या हातात चमचा आणि उजवा हात ताटाच्या काठावर, हा मध्यममार्ग बहुतेक घरांत पटतो, आणि लुळ्या हातालाही काम मिळतं. बधिर हाताला गरम भात कळत नाही. आधी दुसऱ्या हाताने तपासायला लावा.

साधनं महागडी नकोत. ताटाखाली ओला नॅपकिन घातला की ते सरकत नाही. उभ्या काठाची खोलगट थाळी असली की घास काठाशी दाबून चमच्यावर चढतो. चमच्याला सायकलच्या हँडलचं रबर किंवा पाइपावरचा फोम चढवला की पकड जमते. मूठच मिटत नसेल तर तळव्यावरचा वेल्क्रो पट्टा चमचा धरतो.

शिकवायचं ते शेवटापासून. चमचा भरणं आणि उचलणं तुमचं, ओठाशी दोन इंचांवरून तोंडात नेणं त्याचं. ते जमलं की अर्ध्या वाटेपासून, मग टेबलापासून, मग भरण्यापासून. हात धरायचा तर आधी हातावर हात, मग मनगट, मग कोपर, मग नुसता शब्द. आधार दर आठवड्याला एका पायरीने कमी झाला नाही, तर तुम्ही भरवताय, शिकवत नाही आहात.

३० ते ४० मिनिटांत संपेल एवढंच ताटात वाढा. त्यानंतर थकवा येतो आणि चुका वाढतात. उरलेलं विसाव्यानंतर भरवा किंवा नाकातून पोटात घातलेली नळी असेल तर तिने द्या. थकलेल्या पेशंटला ‘अजून दोन घास’ म्हणून रेटणारे नातेवाईक प्रेमानेच रेटत असतात, पण ठसके त्याच दोन घासांना लागतात. जेवणानंतर तोंड पुसून, दात घासून, कवळी धुऊन अर्धा तास बसवून ठेवा.

फाइलमध्ये ‘मदतीने खातो’ लिहू नका. ‘पातळी ५, खुर्चीत, १५ पैकी ९ घास स्वतः, डाव्या बाजूची ३ वेळा आठवण, २५ मिनिटे, ठसका नाही’ असं लिहा. सकाळच्या पाळीतली सिस्टर त्यावरून नाश्ता वाढेल.